व्यायामात खंड पडला की पुन्हा सुरू कसं करता?

मृणाल_ग

मंडळी, बरेच दिवस हा प्रश्न डोक्यात आहे. व्यायाम सुरू कसा करायचा यावर भरपूर लिहून-बोलून झालंय, आणि सुरू करायला मला काही त्रासही होत नाही. माझं अडतं ते पुढे. मधे खंड पडला की परत सुरू करणं मला जमत नाही.

वय ४४, पुणे, सहकारनगरला राहते, म्हणजे तळजाई टेकडी घरापासून दहा मिनिटांवर. यंदा पाडव्याला चालायला लागले. एप्रिल-मे रोज सकाळी पाऊण तास टेकडी, मोर दिसायचे, दोन-तीन ओळखी झाल्या, सगळं छान चाललं होतं. जूनमध्ये मुलीला ताप आला म्हणून चार दिवस गेले नाही, पाचव्या दिवशी पाऊस, आणि मग एकदम ऑगस्टच उजाडला. ऑगस्टात परत सुरू केलं, पंधरा-वीस दिवस होतायत तोवर गणपती, गौरी, त्याला लागून सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन. बंद. नवरात्रात परत सुरू, दिवाळीच्या साफसफाईत परत बंद. काल शेवटचे पाहुणे गेले आणि आज सकाळी बूट काढले तर आतून कोळ्याचं जाळं निघालं.

एक दिवस चुकला की वाईट वाटतं, तीन दिवस चुकले की स्वतःचाच राग येतो, आणि आठ दिवस झाले की बुटांकडे बघवत नाही. एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी, ६.१ आलंय, डायबेटिसच्या उंबरठ्यावर. आईला डायबेटिस आहे, तिच्या पायाची जखम भरायला किती महिने लागले ते मी जवळून बघितलंय, त्यामुळे मला हे अगदी मनापासून हवंय. इच्छा कमी पडतेय असं नाही.

ज्यांचं वर्षानुवर्षं चालू आहे त्यांचाही खंड पडतच असेल ना? तुम्ही परत कसे येता, तेवढं सांगा.

चकली_संपली

अगदी माझ्याच मनातलं लिहिलंय. मी पण याच टप्प्यावर आहे, वाचतेय.

वाटसरू_५१

स्पष्ट लिहितो, राग मानू नका. मोटिव्हेशन वगैरे काही नसतं, शिस्त असते. मी गेली १९ वर्षं पहाटे पाचला उठतो, उन्हाळा-पावसाळा, लग्न असो की मयत. दात घासायला मोटिव्हेशन लागतं का? तसंच हे. वेळ मिळत नाही ही सबब आहे, पाचला उठलं की वेळ मिळतोच. गणपती सगळ्यांच्याच घरी असतात.

अनामिका_७९

वाटसरू, तुमच्या १९ वर्षांबद्दल खरंच आदर आहे. पण मी रोज पावणेपाचला उठते आणि उठून चार डबे करते. साडेसहाला मुलाची बस, सव्वासातला नवऱ्याची गाडी, मग सासऱ्यांचा नाश्ता नि औषधं, आणि ८.२२ ची लोकल मला पकडायची असते. रात्री झोपायला साडेअकरा होतात. यात पाचला उठून नक्की काय करू सांगा. गणपती सगळ्यांच्या घरी असतात हे खरं, पण मोदक सगळे करत नाहीत.

चकली_संपली

शेवटच्या वाक्याला उभं राहून टाळ्या.

टेकडीवाला

+१

मृणालताई, तुम्ही तळजाईवाल्या म्हणजे आमच्या शेजारच्याच, मी पर्वती पायथ्याला राहतो. माझा अनुभव सांगतो. एकट्याने जायचो तेव्हा दर पावसाळ्यात बंद पडायचं. मग पर्वतीच्या १०३ पायऱ्या रोज चढणारा एक ग्रुप आहे त्यात घुसलो, सगळे साठीच्या पुढचे, मीच पन्नाशीचा म्हणून मला 'बाळ' म्हणतात. यांचा नियम एकच आहे, कोण आला नाही म्हणून कुणी रागवायचं नाही, पण तिसऱ्या दिवशी एकाने त्याच्या घरी जायचं. फोन नाही करायचा, जायचं. चहा प्यायचा, काय झालं विचारायचं आणि उद्या येतोयस ना एवढंच म्हणायचं. मला गेल्या वर्षी फ्लू झाला होता तेव्हा ७१ वर्षांचे काका तीन मजले चढून घरी आले, हातात पेरू. मग न जाऊन सांगतो कुणाला.

हौद्यातला

टेकडीवाला साहेब, तुमचं वाचून आमच्या वस्तादांची आठवण आली. मी कोल्हापूरचा, आठवी ते बारावी पेठेतल्या तालमीत होतो. पहाटे चारला उठायचं, हौदा (कुस्तीचा मातीचा आखाडा) खणायचा, मग जोर-बैठका, मग लढती. मेहनत म्हणायचो आम्ही, व्यायाम हा शब्द तालमीत कुणी वापरत नव्हतं. आता विचार केला की कळतं तिथं मोटिव्हेशनचा प्रश्नच का आला नाही, कारण तिथं ठरवायचं काहीच नव्हतं. वेळ ठरलेली, जागा ठरलेली, जोडीदार ठरलेला, किती जोर मारायचे ते वस्ताद ठरवणार. आपण फक्त हजर व्हायचं.

आता हिंजवडीत नोकरी. पहिली चार वर्षं काहीच केलं नाही, वजन ७४ वरनं ९६. मग जिम लावली, वर्षाचे पैसे एकदम भरले, पाच महिन्यांत जिमला कुलूप आणि पैसे गेले ते गेलेच, त्या रागात आणखी एक वर्ष घालवलं. शेवटी तालमीतलंच परत धरलं. घरातच एक चटई, वेळ सकाळी सहा, आकडा ठरलेला. २० जोर, ४० बैठका, बस्स. मुद्दाम कमी ठेवलाय. आज मूड आहे का, काय करू, किती करू, हे काही विचारायचंच नाही. अंथरुणात पडून विचार करायला लागलं की माणूस गेला.

रेवा_फिजिओ

मी फिजिओथेरपिस्ट आहे, १४ वर्षं प्रॅक्टिस. मृणाल, तुझ्या प्रश्नाची एक शारीरिक बाजू आहे, ती कुणी लिहिली नाही म्हणून लिहिते.

खंड पडून परत येणारे लोक थेट जिथे सोडलं होतं तिथून सुरू करतात. दोन महिन्यांनी पहिल्याच दिवशी पाऊण तास टेकडी. दम किती टिकतो ही गोष्ट दोन ते चार आठवड्यांतच उतरायला लागते, त्यामुळे त्या दिवशी धाप लागते, दुसऱ्या दिवशी पोटऱ्या धरतात, टाच दुखते, आणि मनात बसतं की आपल्याला आता हे झेपत नाही. अंगात ताकद असते, ती एवढ्या लवकर जात नाही, उलट पूर्वी कमावलेली ताकद नव्याने कमावण्यापेक्षा लवकर परत येते. फक्त पहिला आठवडा अवघड जातो आणि लोक नेमके त्याच आठवड्यात हताश होतात.

म्हणून माझ्या पेशंट्सना मी सांगते, आठवड्यापेक्षा जास्त खंड पडला तर निम्म्यावर या. पाऊण तास चालत होतीस तर वीस मिनिटं, तेही सपाटीवर. अजून जाता येईल असं वाटत असतानाच घरी यायचं. चार-पाच दिवसांनी थोडं वाढव. बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाहीये, असा वेग पुरे.

तुझ्या साखरेसाठी आणखी एक, जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चाललीस तरी जेवणानंतरची साखर कमी चढते. रात्री जेवून सोसायटीत फेऱ्या मारायला बूटसुद्धा लागत नाहीत. आणि नुसतं चालणं नको, आठवड्यातून दोन दिवस स्नायूंचा व्यायाम हवा, कारण आपण खातो त्यातली बरीचशी साखर स्नायूच वापरतात. खुर्चीवरून हात न टेकता उठ-बस दहा वेळा, भिंतीला हात लावून जोर दहा वेळा, इथून सुरुवात करता येईल.

अनामिका_७९, तुमच्यासाठी वेगळं. तुम्ही पाच तास झोपताय. तुम्हाला मी आणखी लवकर उठा असं कधीच सांगणार नाही, आधी झोप. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली जे मार्गदर्शन दिलं त्यात आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगितलाय, पण पूर्वी सलग दहा मिनिटं तरी हवीत असं म्हणायचे ती अट काढून टाकलीय. लोकलचे जिने, स्टेशन ते ऑफिस भरभर चालणं, सगळं मोजायचं.

अनामिका_७९

रेवाताई, 'आधी झोप' हे मला आजवर कुणीच म्हणालं नव्हतं. दादरचा पूल मी रोज दोनदा चढते-उतरते, तो व्यायामात धरायचा हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. धन्यवाद.

वाटसरू_५१

अनामिकाताई, तुमचा प्रतिसाद काल रात्री वाचला आणि बराच वेळ झोप आली नाही. मी १९ वर्षं पाचला उठतो आणि साडेसहाला घरी येतो तेव्हा चहा तयार असतो, तो १९ वर्षं कोण करतंय हे मी लिहिलंच नव्हतं. सबब हा शब्द मागे घेतो. आज सकाळी बायकोला विचारलं तुला यायचंय का, तर म्हणाली डबा कोण करेल. डबा फक्त धाकट्याचा असतो. उद्यापासून तो मी करणार आहे, पोळ्या येत नाहीत, पण सँडविच आणि उपमा येतो.

अनामिका_७९

काका, मनापासून नमस्कार. पोळ्याही येतील, सुरुवातीला फुलके लाटा, ते सोपे पडतात.

बेस्टचा_पोरगा

जिन्यांचा विषय निघालाच आहे म्हणून. माझे वडील बेस्टमध्ये कंडक्टर होते, बरीच वर्षं डबल डेकरवर. दिवसभर खाली-वर, खाली-वर. घरी आले की पाय सुजलेले, आई गरम पाण्यात मीठ घालून द्यायची. वयाच्या ७८ व्या वर्षी आजही चाळीचे तीन मजले न थांबता चढतात. त्यांच्याच बसवरचे ड्रायव्हर काका, वडिलांचे जिगरी दोस्त, पंचावन्नाव्या वर्षी हार्ट अटॅकने गेले. आम्ही म्हणायचो नशीब.

नंतर वाचनात आलं की लंडनमध्ये जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरने नेमका हाच अभ्यास केला होता, डबल डेकरचे ड्रायव्हर आणि कंडक्टर, १९५३ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दिवसभर बसून असलेल्या ड्रायव्हरांच्या मानाने जिने चढणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी. दोस्त काकांना सिगरेटपण होती, त्यामुळे सगळं जिन्यावर घालत नाही मी. पण वडिलांना तो अभ्यास वाचून दाखवला तेव्हा ते बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "त्याला मी म्हणायचो, शेवटच्या स्टॉपला तरी उतर, दोन पावलं चाल."

डिझेलवरच्या त्या डबल डेकर सप्टेंबर २०२३ मध्ये बंद झाल्या. शेवटच्या दिवशी वडिलांना घेऊन गेलो होतो. वरच्या मजल्यावर तेच आधी चढले.

चकली_संपली

डोळ्यात पाणी आणलंत.

रेडिंगकर

मी गेली अकरा वर्षं इंग्लंडात. इथे पार्करन म्हणून प्रकार आहे, दर शनिवारी सकाळी नऊला, बागेत, पाच किलोमीटर, फुकट. २००४ मध्ये लंडनच्या बुशी पार्कमध्ये १३ जण धावले तिथून सुरू झालं, आता कितीतरी देशांत आहे. मृणालताईंचा प्रश्न वाचून मला त्यातली एकच गोष्ट सांगावीशी वाटली. तिथे एक स्वयंसेवक असतो टेल वॉकर, त्याचं कामच सगळ्यात शेवटी येणं. म्हणजे तुम्ही कितीही हळू चाललात तरी शेवटचे तुम्ही नसता.

मला दुसऱ्या बाळंतपणानंतर दीड वर्षाचा खंड पडला होता. परत गेले त्या दिवशी मी सगळ्यांच्या मागे, आणि माझ्या मागे एक आजी केशरी जॅकेट घालून, टेल वॉकर. सगळा वेळ माझ्याशी गप्पा मारत होत्या. मला ५८ मिनिटं लागली. त्या म्हणाल्या, पुढच्या शनिवारी मी नाहीये, पण कुणीतरी असेल. त्या एका वाक्यावर मी परत गेले. परत येणाऱ्याला घाई न करणारं माणूस शेजारी मिळालं तर फार फरक पडतो हो.

निशाचर

वाचतोय सगळं, छान चाललंय. माझं मत थोडं वेगळं आहे. ग्रुप, वस्ताद, आजी, सगळं ठीक, पण काहींना एकटंच बरं वाटतं. मला सकाळी माणसांशी बोलायला आवडत नाही. मी रात्री नऊला ठाण्यात उपवन तळ्याला फेऱ्या मारतो, कानात नाट्यसंगीत. आणि ते नाट्यसंगीत दिवसभर इतर कुठेच ऐकत नाही, फक्त चालताना. हा माझा स्वतःशी केलेला करार. चालायचं म्हणून नाही, गाणं ऐकायचं म्हणून जातो, चालणं आपोआप होतं. सकाळीच केला तर व्यायाम असं काही नाही, ज्याला जी वेळ जमेल ती.

मोतीची_आई

आमचा मोती बरोब्बर साडेपाचला पायावर पंजा ठेवतो. त्याला रविवार माहीत नाही, पाऊस माहीत नाही, माझी डेडलाईन माहीत नाही. वस्ताद लागतोच असं नाही, शेपटी हलवणारा कुणीतरी चालतो :)

हौद्यातला

आमचे वस्ताद शेपटी नाही, छडी हलवायचे :)

सांख्यिकी

कुणीतरी २१ दिवसांचं लिहील म्हणून आधीच लिहून ठेवतो. २१ दिवस केलं की सवय लागते याला आधार नाही. तो आकडा एका अमेरिकन प्लास्टिक सर्जनच्या १९६० च्या पुस्तकातून पसरला, आणि त्यानेही ते आपल्या पेशंट्सना नव्या चेहऱ्याची सवय व्हायला किमान किती दिवस लागतात त्याबद्दल लिहिलं होतं.

प्रत्यक्ष मोजमाप लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलं, २०१० मध्ये प्रसिद्ध झालं. ९६ जण, प्रत्येकाने एक छोटी सवय निवडली, जेवताना पाणी, फळ, किंवा व्यायाम. ती गोष्ट आपोआप व्हायला सरासरी ६६ दिवस लागले, पण माणसामाणसात फरक इतका की कमीत कमी १८ आणि जास्तीत जास्त २५४. व्यायामाला पाणी पिण्यापेक्षा जास्त वेळ लागला. आणि या धाग्यासाठी महत्त्वाचं, मधे एखादा दिवस चुकला तर सवय लागण्यावर फारसा परिणाम दिसला नाही. मृणालताई, तुमचे एप्रिल-मेचे साठ दिवस वाया गेलेले नाहीत.

असंच दहा हजार पावलांचं. १९६५ मध्ये जपानमध्ये एक पावलं मोजायचं यंत्र आलं, मानपोकेई, म्हणजेच दहा हजार पावलांचं मीटर. आकडा त्या नावातून आला. नंतरच्या संशोधनात साठीच्या पुढच्यांना सहा ते आठ हजारांच्या आसपासच बराचसा फायदा दिसतो. घड्याळात ९,२०० दिसले म्हणून रात्री हॉलमध्ये फेऱ्या मारणाऱ्या माझ्या आईला मी हे दाखवलं, तेव्हा तिने पहिल्यांदा ते घड्याळ काढून ठेवलं आणि शांत झोपली.

सलग_२१२

घड्याळाचा विषय निघाला म्हणून पहिल्यांदाच लिहितोय. माझी अॅपवर सलग २१२ दिवस धावल्याची नोंद होती, त्यावरूनच हे नाव घेतलं. २१३ व्या दिवशी १०१ ताप होता. नोंद तुटू नये म्हणून दोन किलोमीटर धावलो. डेंग्यू निघाला, पाच दिवस हॉस्पिटल. डॉक्टर जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही, पण ते बरोबर होते. बायको तेव्हा सहाव्या महिन्यात होती, तिला त्या पाच दिवसांत काय वाटलं असेल याचा विचार आजही मनातून जात नाही.

त्यानंतर सात महिने मी धावलोच नाही. २१२ पर्यंत परत कधी पोचणार, मग कशाला, असं वाटायचं. आता धावतो, आठवड्यातून चार दिवस, अॅप काढून टाकलंय. सलगतेचा अभिमान चांगला, पण ती तुटली की माणूसही तुटतो एवढा बाळगू नका. ताप असताना व्यायाम नाही, उतरल्यावरही लगेच नाही. रेवाताई यावर लिहितीलच.

रेवा_फिजिओ

लिहायला काही ठेवलं नाहीस, सगळं बरोबर आहे. डेंग्यूनंतर थकवा काही आठवडे राहू शकतो, डॉक्टरांनी हो म्हटल्यावरच सुरू करायचं आणि निम्म्यापेक्षाही कमीवर. मोकळेपणाने लिहिलंस, बरं केलंस.

शोभाकाकू

मला टाईप करायला वेळ लागतो, नात मदत करतेय. वय ६७, सातारा. मृणाल, तुला एक घरगुती युक्ती सांगते.

आपण भिंतीवरच्या कालनिर्णयवर दुधाचा हिशोब कसा ठेवतो? दूध रोज येणार हे धरलेलंच असतं. आलं त्या दिवशी काही लिहीत नाही. आलं नाही की खाडा लिहितो. मी चालण्याचं तसंच करते, गेली बारा-तेरा वर्षं. गेले त्या दिवशी काही खूण नाही. गेले नाही की चौकोनात 'खा' लिहायचं, आणि शेजारी कारण एका शब्दात. पाऊस. लग्न. गुडघा. कंटाळा. कंटाळा असेल तर कंटाळाच लिहायचं, खोटं नाही लिहायचं.

महिनाअखेरीला दूधवाल्याचा हिशोब करताना याचाही करते. मागच्या महिन्यात सात खाडे. त्यात चार कंटाळा निघाले, ते चारही सोमवार. विचार केला तर रविवारी रात्री मालिका बघत बसते, झोपायला उशीर होतो. मग सोमवारी सकाळच्या ऐवजी संध्याकाळी जायला लागले.

अगं, दुधाचा चार दिवस खाडा पडला म्हणून आपण चहा सोडतो का? पाचव्या दिवशी पातेलं घेऊन दारात उभ्या राहतोच ना. तुझे जूनमधले चार दिवस म्हणजे चार खाडे. तू रतीबच बंद झाला असं समजलीस.

चकली_संपली

काकू!!! 'रतीबच बंद झाला असं समजलीस' हे वाक्य मी आत्ता फ्रीजवर लिहून लावलं.

टेकडीवाला

काकूंना दंडवत.

सांख्यिकी

काकूंच्या वहीसमोर माझे ९६ जण फिके आहेत. कारणासकट नोंद आणि वाराचा पॅटर्न, अभ्यास यालाच म्हणतात.

मृणाल_ग

सगळ्यांचं वाचतेय, कामामुळे उत्तर देता आलं नाही. काकू, तुमचा प्रतिसाद स्वयंपाकघरात उभ्यानेच वाचला आणि मोठ्याने सासूबाईंना वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, "कालनिर्णयवर माझ्या डोळ्याच्या थेंबांचेही खाडे लिही, मला आठवत नाही घातले की नाही." लिहायला लागलेय, दोन्ही.

रेवा, आज वीस मिनिटं चालून परत आले. परत येताना अर्धवट वाटत होतं, अजून जावंसं वाटत होतं. तू म्हणाली होतीस तसंच.

जावई_तोरांटो

इथे जानेवारीत उणे वीस असतं, फुटपाथवर बर्फाची काच. आमच्याकडे लोक मॉलमध्ये चालतात, दुकानं उघडायच्या आधी दरवाजे उघडतात, आजी-आजोबा मंडळी फेऱ्या मारत असतात. सासूबाई नागपूरहून आल्या होत्या, पहिल्या दिवशी संकोचल्या, साडीवर स्पोर्ट शूज, आठवड्यात तीन चिनी मैत्रिणी झाल्या. एकमेकींची भाषा येत नव्हती, हात धरून चालायच्या. पावसाळ्यात पुण्यातल्या लोकांना असं कुठे छप्पर मिळत असेल तर बघा, खंड पडायचं मुख्य कारण हवा असेल तर पर्यायी जागा आधीच ठरवून ठेवलेली बरी.

हौद्यातला

बरोबर. पावसात जिना. आमच्या बिल्डिंगला ११ मजले आहेत, जून ते सप्टेंबर तोच माझा जोतिबाचा डोंगर.

माउली_६२

व्यायामाला कारण लागतं असं मला वाटतं, निदान मला तरी लागतं. मी दरवर्षी ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीबरोबर पुणे ते सासवड चालते. एका दिवसात तीसेक किलोमीटर, मधे दिवेघाट. पहिल्या वर्षी वडकीलाच पाय गळाले, टेम्पोत बसून घाट चढले, आणि खिडकीतून बघत होते, माझ्या आईच्या वयाच्या बायका डोक्यावर तुळस घेऊन चढतायत. त्या वर्षी होळीनंतर तयारी सुरू केली ती आजतागायत. होळीला तीन किलोमीटर, अक्षय्य तृतीयेला दहा, ज्येष्ठात पंधरा-सोळा. आता सहा वर्षं घाट पायी चढतेय.

वारी झाली की मी श्रावणभर मुद्दाम विश्रांती घेते. त्याला मी खाडा म्हणत नाही शोभाकाकू, शेतसुद्धा काही दिवस रिकामं ठेवतात. पण परत कधी सुरू करायचं ती तारीख ठरलेली आहे, घटस्थापना.

शोभाकाकू

माउली, बरोबर आहे. दूधवाला गावी जाणार हे आधी सांगून गेला तर तो खाडा नव्हे.

निशाचर

हे फार महत्त्वाचं बोललात दोघी. आधी ठरवून घेतलेली सुट्टी आणि नकळत निसटलेले दिवस यात फरक आहे. मृणालताई, तुमचे गणपती-दिवाळी दरवर्षी येणारच, अचानक थोडीच येतात. ते दहा दिवस आधीच सुट्टी म्हणून मांडून ठेवा, परत यायच्या तारखेसकट.

वाटसरू_५१

अपडेट. डबा करायला लागून १६ दिवस झाले. बायको १६ पैकी ११ दिवस माझ्याबरोबर फिरायला आली. तिचा वेग माझ्यापेक्षा जास्त आहे हे मला लग्नाच्या ३१ व्या वर्षी कळलं. पहिला फुलका आज फुगला.

अनामिका_७९

काका, फुलक्याची बातमी वाचून लोकलमध्ये मोठ्याने हसले, शेजारच्या बाईंनी विचारलं काय झालं, त्यांनाही वाचून दाखवलं. माझंही सांगते, सासऱ्यांचा नाश्ता आता नवरा बघतो, त्याला मी तुमचाच प्रतिसाद दाखवला होता. पाऊण तास झोप वाढलीय. दादरचा पूल चालूच आहे.

मृणाल_ग

अडीच महिन्यांनी धागा वर काढतेय.

आज रथसप्तमी. आमच्या इथल्या शाळेच्या मैदानावर सामूहिक सूर्यनमस्कार होते. लोक १०८ घालत होते, मी बारा घातले आणि बाजूला बसून उन्हात बाकीच्यांचे बघितले. रेवा, निम्म्यापेक्षा बरेच कमी, तुझं ऐकलं.

कालनिर्णयचा हिशोब असा. डिसेंबरात नऊ खाडे, त्यातले पाच सलग. मुलीची परीक्षा, मग मलाच सर्दी. सहाव्या दिवशी सकाळी ती जुनी भावना आलीच, आता झालं, गेलं सगळं. अक्षरशः पोटात खड्डा. मग कॅलेंडरसमोर जाऊन उभी राहिले, पाच 'खा' दिसत होते आणि त्याच्या आधी-नंतर कोरे चौकोन. संख्येने कोरे कितीतरी जास्त होते. बूट घातले, फाटकापर्यंत गेले, परत आले, सात मिनिटं. त्या दिवशी 'खा' नाही लिहिला.

जानेवारीत आजपर्यंत चार. एकावर कारण 'कंटाळा', शुक्रवार. रिपोर्ट मार्चमध्ये करायचाय, आत्ता काही सांगता येणार नाही. आईला फोनवर हे सगळं सांगितलं, ती म्हणाली मी पण जेवणानंतर गॅलरीत फेऱ्या मारते, तिला डॉक्टरांनी तेवढी परवानगी दिलीय. आता रात्री साडेआठला आम्ही दोघी फोन कानाला लावून चालतो, ती नाशिकला गॅलरीत, मी इथे पार्किंगमध्ये.

शोभाकाकू

सात मिनिटांचा दिवस मला फार आवडला. 'कंटाळा' खरं लिहिलंस ते त्याहून.

रेवा_फिजिओ

आईंना चपला घालून चालायला सांग, गॅलरीत असल्या तरी. डायबेटिसमध्ये अनवाणी नको. आणि रोज रात्री तळपाय बघायचे, दिसत नसेल तर आरसा खाली ठेवून.

मृणाल_ग

सांगितलं, आत्ताच. चपला घातल्यात म्हणाली.

टेकडीवाला

मृणालताई, येत्या रविवारी आमचा पर्वतीचा ग्रुप तळजाईला येतोय. साडेसहा, देवळापाशी. ७१ वाले काका आता ७२ चे झालेत, पेरू तेच आणणार आहेत.

मृणाल_ग

येते. सासूबाई पण येणार म्हणतायत, देवळापर्यंत रिक्षाने. त्यांना नव्या डोळ्याने मोर बघायचेत.